भोपाळची माती, भोपाळचे पाणी

आमच्या हिंगोलीकडे दिवाळीच्या पहिल्या दिवशी देवापुढे, तुळशीपाशी आणि गोठ्याच्या दाराशी पणती लागते, तशी ती विहिरीच्या काठावरही लागते. माझी आजी तर विहिरीवरची पणती आधी लावी आणि मग घराकडे वळे. जे पाणी वर्षभर आपल्याला पोसते त्याला एक दिवस उजेड दाखवावा, एवढाच तिचा विचार असे. त्या पाण्यात कधी विष उतरू शकेल, ही कल्पना तिच्या मनाला शिवणे शक्य नव्हते. तिच्या लेखी काळी माती म्हणजे आई, आणि आईच्या पोटात गेलेले सारे पवित्र होऊनच बाहेर येणार.

तिचाच नातू असल्यामुळे असेल, पण चार वर्षांपूर्वी वर्गात माझ्या हातून एक चूक घडली. सातवीच्या वर्गात मातीचे प्रकार शिकवीत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आमच्या बाबांनी कपाशीवरचं जुनं औषध, मुदत संपलेलं, बांधाच्या कडेला खड्डा करून पुरलं. मातीत पुरलं म्हणजे संपलं ना?" तास संपायला दोनच मिनिटे राहिली होती. मी म्हटले, "हो, माती सगळं जिरवते." मुलगा समाधानाने खाली बसला. घरी आलो आणि ते उत्तर काही मनातून जाईना. पुस्तके चाळली, जाणत्यांना विचारले, आणि आपण त्या पोराला साफ खोटे सांगितले हे ध्यानात आले. त्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर शोधायचे, तर हिंगोलीहून अकोला, खांडवा, इटारसी असे करीत उत्तरेस भोपाळपर्यंत जावे लागते.

भोपाळ म्हटले की आपल्याला एकच रात्र आठवते. १९८४ सालच्या डिसेंबरातील दोन आणि तीन तारखांमधली. त्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले, आतले द्रव्य उकळले, आणि सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट वायुरूपाने झोपलेल्या वस्तीवर पसरले. सरकारी हिशेबानेच मृतांचा आकडा पुढे पाच हजारांवर गेला. दुसऱ्या अंदाजांनी तो याच्या कित्येक पट आहे. ही कथा जगाला ठाऊक आहे. तथापि त्याच आवारात एक दुसरी कथा त्या रात्रीच्या पंधरा वर्षे आधी सुरू झाली होती, आणि ती अजून संपलेली नाही. तिला ना आवाज होता, ना वास. ती मातीतून हळूहळू खाली उतरत होती.

युनियन कार्बाइड हे नाव आपल्या खेड्यांना अपरिचित नव्हते. रात्री मळ्यात पाणी द्यायला जाताना हातात जी बॅटरी असे, तिच्यातले एव्हरेडीचे सेल याच कंपनीचे. १९६९ साली या कंपनीने भोपाळच्या उत्तरेकडील काली ग्राउंड नावाच्या मैदानावर कीटकनाशकांचा कारखाना उभारला. जागा सुमारे ६७ एकर. येथे 'सेव्हिन' नावाचे औषध तयार होऊ लागले. शास्त्रज्ञ त्याला कार्बारिल म्हणतात. कपाशीच्या बोंडातली अळी मारणे हे त्याचे मुख्य काम. तो काळ हरितक्रांतीचा होता. जास्त पिकवा, हा साऱ्या देशाचा घोष होता, आणि दुष्काळाच्या आठवणी ताज्या असलेल्या त्या दिवसांत अशा कारखान्याकडे कुणी संशयाने पाहावे, असे काही घडलेही नव्हते. कपाशी पिकविणाऱ्या आपल्यासारख्या मुलखाला तर तो आपला सोबतीच वाटला असणार.

परंतु कारखाना जे विकतो तेवढेच तो निर्माण करीत नाही. शंभर पोती धान्य मळले की कोंडा निघतोच. तसे औषध करताना उरते ते डांबरासारखे अवशेष, बिघडलेला माल, धुवणाचे पाणी, वापरून झालेले द्रव. फरक एवढाच, की कोंडा गुरे खातात. भोपाळच्या आवारात पहिली काही वर्षे हा सारा उकिरडा कारखान्याच्या हद्दीतच, निरनिराळ्या ठिकाणी खड्डे करून टाकला जात असे. पुढच्या तपासात अशा एकवीस जागा मोजल्या गेल्या. सेव्हिन, त्याचा कच्चा माल नॅफ्थॉल, क्लोरिनयुक्त द्रव, पारा, आणि ज्याला आपण खेड्यात गॅमेक्झिन पावडर म्हणून ओळखतो त्या बी.एच.सी.चे अंश, हे सारे त्या मातीत सापडले.

१९७७ साली कारखान्याच्या उत्तरेला, भिंतीबाहेर, सुमारे ३५ एकरांत तीन उथळ तळी बांधण्यात आली. सांडपाणी नळाने तेथे न्यायचे, उन्हाने पाणी उडून जाऊ द्यायचे आणि खाली उरलेला गाळ तेथेच ठेवायचा, अशी ती योजना. मिठागरात जे घडते तेच. फक्त मिठाच्या जागी विष. तळ्यांच्या बुडाशी प्लॅस्टिकचे जाड अस्तर होते. पण पाच वर्षांतच, १९८२ सालच्या मार्च-एप्रिल महिन्यांत, भोपाळच्या अधिकाऱ्यांनी अमेरिकेतील मुख्य कचेरीला तारेने कळविले, की तळी गळत आहेत आणि ही काळजीची बाब आहे. हा कागद जगाला दिसला तो बऱ्याच वर्षांनी, न्यूयॉर्कच्या न्यायालयात खटला चालला तेव्हा. म्हणजे वायूच्या त्या रात्रीपूर्वी अडीच वर्षे जमिनीची तक्रार कागदावर आलेली होती.

मग ती रात्र आली, आणि तिच्यापुढे दुसरे काहीच दिसेनासे झाले. हे स्वाभाविकच होते. घराला आग लागली असता भिंतीला ओल आल्याची चौकशी कोण करतो? कारखाना बंद पडला. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. तो हिशेब वायूच्या रात्रीचा होता. त्या वेळी माती आणि पाणी यांच्या वतीने बोलायला कुणी उभे नव्हते.

आणि नेमक्या त्याच वर्षी, १९८९ च्या जून-जुलैत, कंपनीने आवारातील खड्ड्यांमधून आणि सांडपाण्याच्या कुंड्यांतून नमुने घेऊन आपल्या प्रयोगशाळेत तपासले. नऊ नमुने मातीचे व घन पदार्थांचे होते, आठ पाण्याचे. घन नमुन्यांत दहापासून शंभर टक्क्यांपर्यंत सेंद्रिय रसायने निघाली. पाण्याच्या बहुतेक नमुन्यांत नॅफ्थॉल किंवा सेव्हिन मर्यादेच्या कितीतरी पलीकडे होते. त्या नमुन्यांत मासे सोडून पाहिले, तेव्हा एकही मासा जगला नाही. वाचकहो, अशा परीक्षेचा निकाल हाती आल्यावर शहाण्या माणसाने पहिले काम काय करावे? शेजारच्या वस्तीत जाऊन, "बायांनो, या हापशाचे पाणी पिऊ नका," एवढे सांगावे. तो निकाल कंपनीच्या कागदांतच राहिला. आवाराच्या भिंतीला लागून असलेल्या वस्त्यांत घागरी भरल्या जात राहिल्या.

सरकारी बाजूने चौकशीचे काम आले ते नागपूरच्या 'नीरी' या संस्थेकडे. १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची मध्यवर्ती संशोधन संस्था म्हणून ती नागपुरात सुरू झाली आणि १९७४ साली तिला सध्याचे नाव मिळाले. तिच्या १९९७ सालच्या अहवालात आवारातील माती दूषित झाल्याचे स्पष्ट नमूद झाले. मात्र भिंतीबाहेरच्या भूजलापर्यंत विष पोचले आहे, असे त्या वेळी मानले गेले नाही. याचे एक कारण आपल्या ओळखीचे आहे. भोपाळच्या त्या भागात वर काळी आणि तिच्याखाली पिवळी चिकण माती आहे, आणि चिकण माती पाणी सहजी झिरपू देत नाही.

हे म्हणणे निराधार नव्हते. ओल्या काळ्या मातीचा गोळा हातात घेऊन पाहा. त्यातून पाणी गळत नाही. पण आपल्यापैकी ज्याने चैत्र-वैशाखात काळ्या रानातून पायपीट केली आहे, त्याला या मातीचा दुसरा स्वभावही ठाऊक असतो. उन्हाने ती अशी भेगाळते, की भेगेत कोपरापर्यंत हात जावा. मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ खाली उतरतो. माती फुगून भेगा मिटतात त्या नंतर. शिवाय जेथे माणसाने खड्डा खणला आहे, विहीर पाडली आहे, बोअर घेतले आहे, तेथे वरच्या चिकण थराचे झाकण आपण स्वतःच काढलेले असते. काळी माती राखण करते खरी, पण ती बारमाही राखण नव्हे.

जमिनीखालचे विष शोधणे हे काम किती अवघड आहे, तेही येथे थोडे सांगितले पाहिजे, कारण एका अहवालात पाणी निर्दोष आणि दुसऱ्यात दूषित, हे वाचून सामान्य माणूस गोंधळून जातो. डॉक्टर बोटातून थेंबभर रक्त घेतो आणि साऱ्या देहाची परीक्षा करतो, कारण रक्त देहभर एकच असते. जमिनीचे तसे नाही. दहा हात अंतरावर माती बदलते. त्यासाठी ठिकठिकाणी छिद्रे पाडून निरनिराळ्या खोलीची माती काढावी लागते. भूजल कोणत्या दिशेला वाहते, हे अनेक विहिरींच्या पाण्याच्या पातळ्या मोजून ठरवावे लागते. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर असे दोन्ही वेळा नमुने घ्यावे लागतात. त्यातून प्रत्येक रसायनाची चाल वेगळी. बी.एच.सी. पाण्यात फारसे विरघळत नाही. ते मातीच्या कणांना चिकटून वर्षानुवर्षे बसते. कार्बन टेट्राक्लोराइडसारखे द्रव याच्या उलट. रॉकेल पाण्यावर तरंगते, हे आपण पाहतो. हा द्रव पाण्याहून दीडपट जड, म्हणून पाण्याच्याही खाली बुडतो आणि खडकावर जाऊन साचतो. तेथून पुढे तो थोडाथोडा विरघळत पाण्याला नासवीत राहतो. वरवरचे पाणी बाटलीत भरून त्याचा ठाव लागेलच असे नाही.

१९९९ साली ग्रीनपीस या संस्थेने आवारातील माती आणि भोवतालच्या वस्त्यांचे पाणी तपासले. मातीत पारा निघाला. पिण्याच्या पाण्यात कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरोफॉर्म यांसारखी क्लोरिनयुक्त द्रव्ये निघाली. २००९ साली दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राला कारखान्यापासून तीन किलोमीटरपर्यंतच्या पाण्यात कीटकनाशकांचे अंश आढळले. त्याच वर्षी एका केंद्रीय मंत्र्यांनी आवाराला भेट दिली, तेथील कचरा हातात घेतला आणि आपण जिवंत आहोत, आपल्याला खोकलाही आला नाही, असे सांगितले. त्यांच्या धैर्याबद्दल शंका नाही. पण मूठभर माती क्षणभर हातात धरणे वेगळे आणि ज्या पाण्यात ती माती निथळते ते वीस वर्षे रोज पिणे वेगळे, हे सातवीतल्या मुलालाही समजावे.

दरम्यान या जागेचा धनी बदलत गेला. १९९४ साली मूळ कंपनीने भारतातील आपला हिस्सा विकला. १९९८ साली ती जमीन मध्य प्रदेश सरकारच्या ताब्यात परत आली. २००१ साली अमेरिकेतील मूळ कंपनीच दुसऱ्या मोठ्या कंपनीने विकत घेतली. या नव्या मालकाने जबाबदारी नाकारली. जुना मालक म्हणे, आम्ही तर विकून मोकळे झालो. सरकार म्हणे, घाण ज्याने केली त्याने काढावी. तिघांच्याही म्हणण्याला कायद्याचा काही ना काही आधार होता. नव्हता आधार तो फक्त घागर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईला. काही हापशांना लाल रंग फासून पाणी पिण्यास अयोग्य असल्याचे लिहिण्यात आले. पण दुसरे पाणी नसेल तर लाल हापशाचे पाणीही घागरीत पांढरेच दिसते.

२००४ सालच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरविण्याचा आदेश दिला. आदेश कागदावरून नळात यायला वेळ लागला. २००६ साली भोपाळची काही पीडित माणसे दिल्लीपर्यंत पायी चालत गेली. त्यांच्या मागण्यांत शुद्ध पाण्याची मागणी होती. वायूने फुप्फुसे अधू झालेली माणसे घोटभर चांगल्या पाण्यासाठी शेकडो मैल चालली, ही गोष्ट आपल्या मुलांना इतिहासाच्या तासाला सांगावी अशी आहे. त्यानंतर टप्प्याटप्प्याने कोलार धरणाचे पाणी नळांनी त्या वस्त्यांत आले.

राहिला कचरा. आवारात विखुरलेला काही भाग २००५ साली गोळा करून एका शेडमध्ये ठेवला गेला. तो कुठे जाळायचा यावर वीस वर्षे वाद झाले. ज्या ज्या गावाचे नाव निघे, ते गाव नको म्हणे; परदेशी नेण्याचा एक बेत झाला, तोही फिसकटला. अखेर ३ डिसेंबर २०२४ रोजी, त्या रात्रीला चाळीस वर्षे पुरी होताना, मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयाने चार आठवड्यांची मुदत दिली. १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा बंद गाड्यांतून ३३७ टन कचरा पिथमपूरकडे निघाला. हे पिथमपूर म्हणजे धार जिल्ह्यातले, आपल्या पवारांच्या जुन्या संस्थानाच्या मुलखातले. अंतर सुमारे २५० किलोमीटर. तेथील लोकांनी उग्र निदर्शने केली. त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता: भोपाळला जे नको ते आम्हाला का? मग न्यायालयाच्या देखरेखीखाली आधी थोडा थोडा जाळून पाहिला, आणि जून २०२५ अखेर सारा जळाला. जाळताना चुन्यासारखे पदार्थ मिसळावे लागतात, त्यामुळे उरलेल्या राखेचे वजन मूळ कचऱ्याहून अधिक भरले. आता त्या राखेची राखण करावयाची.

वृत्तपत्रांत ठळक मथळे आले: भोपाळ विषमुक्त झाले. येथे मात्र वाचकांनी एक आकडा ध्यानात ठेवावा. नीरी आणि हैदराबादची भूभौतिकी संस्था यांनी मिळून २०१० साली जो अंदाज दिला, त्यानुसार शुद्ध करावी लागणारी दूषित माती सुमारे ११ लाख टन आहे. गेले ते ३३७ टन. म्हणजे उचललेल्या प्रत्येक टनामागे तीन हजारांहून अधिक टन माती जागच्या जागी आहे. अंगणातला केर सुपात भरून बाहेर टाकला आणि अंगण शेणाने सारवायचेच राहिले, तसा हा प्रकार.

हे फक्त आपल्याच देशात घडते, असे मात्र समजू नये. अमेरिकेत नायगारा फॉल्स या शहरात लव्ह नावाच्या गृहस्थाने खणलेला एक अर्धवट कालवा होता. एका रसायन कंपनीने त्यात सुमारे वीस हजार टन घाण पुरली, वर माती लोटली आणि १९५३ साली ती जागा एका डॉलरला शाळा मंडळाला दिली. त्या जागेवर शाळा झाली, घरे झाली. पंचवीस वर्षांनी तळघरांतून रसायने पाझरू लागली. १९७८ साली राष्ट्राध्यक्षांना तेथे आणीबाणी जाहीर करावी लागली, शेकडो कुटुंबे हलली. तेथील आया पेटून उठल्या होत्या. दोनच वर्षांत, १९८० साली, अमेरिकेने कायदा केला, की अशा जागा शोधाव्यात आणि घाण करणाऱ्याकडून साफ करवून घ्याव्यात. आपल्याकडे राजस्थानातील बिछडी गावच्या विहिरी नासल्या, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली हेच तत्त्व सांगितले: घाण करील तो भरील. परंतु दूषित जागा कशी शोधावी, कोणी तपासावी, कोणी खर्च सोसावा, याचे स्वतंत्र नियम केंद्र सरकारने केले ते २०२५ सालच्या जुलैत. तोवर देशात अशा १०३ जागा नोंदल्या गेल्या होत्या, आणि सफाई सुरू झाली होती ती मोजक्या सातच ठिकाणी.

नियम आले, हे चांगलेच झाले. पण भोपाळचा इतिहास वाचून माझ्या मनात जे राहिले ते निराळे आहे. तेथे अज्ञानामुळे झालेले नुकसान थोडे आहे. तळी गळतात हे १९८२ साली कुणालातरी ठाऊक होते. मासे जगत नाहीत हे १९८९ साली कुणालातरी ठाऊक होते. ज्यांना ठाऊक होते त्यांनी ज्यांना पाणी प्यायचे होते त्यांना सांगितले नाही. जमिनीखालचे विष हळू चालते. वर्षाला काही हात, कधी त्याहूनही कमी. त्याच्यापुढे पळून वस्तीला वेळेवर निरोप देणे मुळीच अवघड नव्हते.

म्हणून त्या मुलाची गोष्ट पुरी केली पाहिजे. पुढच्या सोमवारी वर्गात गेलो आणि सर्वांसमोर सांगितले, "परवा मी दिलेलं उत्तर चूक होतं. माती सगळं जिरवत नाही. काही गोष्टी ती नुसती सांभाळून ठेवते, आणि पुढं पाण्याच्या हवाली करते." मास्तर चुकला म्हणून वर्ग हसेल असे वाटले होते, कुणी हसले नाही. तो मुलगा मात्र उभा राहिला आणि म्हणाला, "मग कुठं टाकायचं, सर?"

त्याच्या वडिलांना भेटलो. भला माणूस. म्हणाला, "गुरुजी, गुरांच्या तोंडाला लागू नये म्हणून तर पुरलं." विहीर त्या खड्ड्यापासून पन्नास पावलांवर होती, उताराच्या बाजूला. दोघांनी हातमोजे घालून खड्डा उकरला. सुदैवाने बाटल्या फुटल्या नव्हत्या. त्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवून, झाकण लावून, विहिरीपासून लांबच्या कोठ्यात उंच फळीवर ठेवल्या. औषधाच्या दुकानात विचारले, तर मुदत संपलेला माल शेतकऱ्याकडून परत घेण्याची सोय नाही, असे उत्तर मिळाले. तो डबा अजून फळीवरच आहे.

चाळीस वर्षे भोपाळमध्ये मोठमोठी माणसे ज्या प्रश्नापाशी अडली, तोच हा प्रश्न. फक्त तेथे ११ लाख टन आणि येथे एक डबा. लाखो टनांचे काय करावे हे मला सांगता येणार नाही. पण प्रत्येक तालुक्याच्या गावी असा एक डबा घेणारी, पावती देणारी आणि त्याची नीट विल्हेवाट लावणारी एक खिडकी असावी, एवढे मागणे काही जगावेगळे नाही.

गेल्या दिवाळीत मी त्यांच्या मळ्यात फराळाला गेलो होतो. मुलाच्या आईने विहिरीच्या काठावर पणती लावली. मुलगा आता मोठा झाला आहे. त्याने पोहऱ्याने पाणी शेंदून मला तांब्याभर दिले आणि म्हणाला, "प्या सर, मागच्या महिन्यात तपासून आणलंय."

मी ते पाणी प्यालो.